फक्की

तहसील उघडायच्या आधीच गेलो आम्ही,
मी आणि पुष्पकला नागोसे,
चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन.
सहा फुटांची दोरी माझ्याकडे होतीच.
एकेचाळीस गोल काढले,
रेशनच्या दुकानापुढे काढले होते तसेच, याच हातांनी.
तेव्हा कुणाचा अंगठा रेघेवर आला तरी
मी ओरडत होते.

दहा वाजता गोलागोलात आमच्या गुलाबी साड्या.
घोषणा नाही, नुसते फलक:
घरोघरी ताप मोजला,
चार महिन्यांचे पैसे कोण मोजणार?

नायब साहेब पायरीवरूनच बोलले,
"जमावबंदी आहे. पाचाच्या वर नाही."
"साहेब, अंतर मोजून पाहा."
"अंतराचं नाही बाई, संख्येचं आहे."

त्यांच्या हातातला कागद ओळखीचा होता.
चैत्रात तोच माझ्या हातात होता
कोरेटीच्या अंगणात.
त्याची माय तिरडीवर,
आणि मी माणसं मोजत फाटकात.
वीस झाली.
एकविसावी तिची बहीण,
नदीपलीकडून पायी आलेली, काखेत माहेरचं लुगडं.
मी कागद दाखवला.
तिला वाचता येत नव्हतं.
तिनं लुगडं माझ्यापुढं धरलं,
"मंग तूच घाल वो तिच्यावर."
शिवायचं नव्हतं. तेही मी केलं नाही.
कागद खोटा नव्हता.
त्या आठवड्यात गावात सात जण तापले होते.

आज कोरेटी होमगार्डच्या खाकीत,
साहेबांच्या मागं.
"मोज रे," साहेब म्हणाले.
तो काठीच्या टोकानं मोजू लागला, मोठ्यानं,
एक, दोन,
माझ्यापाशी सतरा, नजर खालीच.
अठरा. एकोणीस. वीस.

एकविसाव्या गोलात कुणीच नव्हतं.
ती जागा इंदू सयामची.
सकाळी फाट्यावर तिचं अंग कढत लागलं,
मीच तिला परतीच्या ऑटोत बसवलं.
"माह्याच पैशासाठी, अन् माह्याशिवाय?"
म्हणाली, तोंड फिरवून.
तिचा फलक मी गोलात ठेवला,
वर दगड, वाऱ्यासाठी.

कोरेटी तिथं थांबला.
काठी हवेतच.
साहेब म्हणाले, "पुढं?"
तो पुढं गेला नाही,
गोलात पायही ठेवला नाही.

ऊन चढत होतं.
बोटांवरची फक्की सुकून
कातडी ओढत होती.
कुणीतरी पाठीमागं खोकलं,
आणि आम्ही सगळ्या,
कोरेटीसकट,
एकदम वळून पाहिलं.