आडवी की उभी

आमच्याकडे परवचा दिवेलागणीला सुरू व्हायचा,
वडिलांच्या फुटपट्टीच्या तालावर.
सात आठे म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची
आणि तळहात आपोआप पुढे यायचा.
छप्पन्न मला असं पाठ झालं:
लाल, आणि थोडं सुजलेलं.

आता मानखुर्दला, सातव्या मजल्यावर,
लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत
मी चार ते सहा शिकवणी घेते.
सतरंजीवर नऊ मुलं, एक पंखा,
आणि भूपेश घाडगे,
ज्याच्या डोक्यात पाढे घुसतच नाहीत
असं त्याची आई सांगून गेली,
दारातूनच, चपला न काढता.

घुसवायचे नाहीत, मी म्हटलं. बघायचेत.

त्याचे पप्पा सायकलवरून अंडी पोचवतात.
त्याला एक रिकामा ट्रे आणायला सांगितला.
आणला, कोपऱ्यात वाळलेल्या बलकासकट.
सहा खळगे असे, पाच तसे.
मोज. तीस.
आता फिरव.
फिरवला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले,
बोट लावून, माझ्यावर भरवसा नसल्यासारखे.
तीसच.
"म्हणजे सहा पंचे न् पाच सक एकच?"
एकच रे. नुसती कूस बदलली.
त्या संध्याकाळी निम्मे पाढे
त्याच्या दप्तरातून गळून पडले,
जिन्यावर कुठेतरी.

नवाच्या पाढ्यात आरसा आहे
हे अल्फियाने शोधलं.
अठरा न् एक्क्याऐंशी. सत्तावीस न् बहात्तर.
छत्तीस, त्रेसष्ट.
पंचेचाळीस चोपन्नपाशी आला
आणि काचेला नाक लावून उभा राहिला.
"पण बाई, मराठीत आपण आकडे उलटेच बोलतो,
पाच आधी, चाळीस मग.
मग आरशात ते सरळ होतात का?"
मला उत्तर आलं नाही.
मी फळा पुसला, पुसलेलाच.

सात मात्र कुणाचं ऐकत नाही.
त्याच्यासाठी भूपेशच्या आजीचा
बटणांचा फोन मागवला.
फक्त एकक बघायचा. खालून वर चढ:
सात, चार, एक.
शेजारच्या जिन्याने: आठ, पाच, दोन.
मग नऊ, सहा, तीन,
आणि शेवटी तळमजल्यावर शून्य.
त्या फोनवरचा पाच अंगठ्याखाली पार झिजलाय,
आजी अंदाजाने दाबते.
भूपेशचं बोट त्या कोऱ्या बटणावर थांबलं.
"पस्तीस," तो हळूच म्हणाला,
झोपलेल्या माणसाला
नावाने हाक मारावी तसं.

आणि छप्पन्न?
पाच, सहा, सात, आठ.
छप्पन्न म्हणजे सात आठे.
चौघे ओळीने उभे होते, हात धरून,
इतके समोर,
आणि मी चाळीस वर्षं
तळहात पदरात लपवून हिंडले.

घोकणं सुटलं असं नाही.
सहा वाजेपर्यंत आमचा कलकलाट
खालच्या मजल्यावरच्या पेडणेकर काकू
झाडूच्या दांड्याने मोजतात.
पण आता तो ओळखीच्या गल्लीतून जाण्यासारखा.
वळण कुठे, पिठाची गिरणी कुठे,
हे पायांना ठाऊक.

परवा फळ्यावर लिहिलं:
तीस अंड्यांच्या ट्रेमधली एक ओळ फुटली.
किती उरली?
आठ हात वर.
पंचवीस, बाई! पंचवीस!
भूपेशचा हात खालीच.
तो कुठल्यातरी खळग्यांकडे बघत होता,
जे खोलीत नव्हते.

"कुठली ओळ, बाई? आडवी की उभी?"

पुस्तकात मागे एकच उत्तर आहे.
मी पान उघडून पाहिलं आणि मिटलं.

मग त्यानेच सांगितलं, कुणी न विचारता:
काल महाराष्ट्र नगरच्या वळणावर
पप्पांची सायकल घसरली.
आडवी फुटली. सहा गेली.
चोवीस उरली.
ती विकली.