पाऊण

तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप,
डब्याखाली दोन विटा,
नाहीतर कॅमेरा नुसती हनुवटी दाखवतो.
कन्नमवार नगर, विक्रोळी. रात्रीचे नऊ.
भांडी उद्या.

सत्र दुसरं. शैक्षणिक तंत्रज्ञान, पदव्युत्तर.
दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून
मागचं सगळं धूसर केलंय,
पण बोलताना हात वर गेला
की हातही पुसला जातो.
एकवीस वर्षं फळ्यापाशी काढलेल्या मला
हातांशिवाय अपूर्णांक शिकवता येत नाहीत,
हे कुणाला सांगू?

गटात आम्ही चौघं.
ऐजॉलची लालरेमपुई, जिची वीज ऐन वाक्यात जाते.
मिरजेचे बाबर सर, आवाज बंद ठेवून तावातावाने बोलणारे.
कुणी ईशान, तो नुसता हिरवा ठिपका.
आणि मी, शैला तोडणकर, महापालिका शाळा, सहावी ब.

स्वाध्याय तिसरा: एक काल्पनिक विद्यार्थी रेखाटा.
नाव, वय, आवडी, उपकरण.
ठिपक्याने एक गोड मुलगी बनवली.
तिला स्वतःचा टॅब, खिडकीपाशी टेबल,
एक मांजरसुद्धा.
मी लिहिलं: सुप्रिया हिवाळे, वय अकरा.
उपकरण: वडिलांचा फोन, वडील घरी असले तर.
पाळंदे मॅडम म्हणाल्या, छान आहे,
पण हे काल्पनिक नाही.

मग धडा केला. सहा मिनिटांचा व्हिडिओ,
त्यात कुकरची एक शिट्टी, कापता आली नाही ती.
शेवटी पाच प्रश्न,
बरोबर आल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही
असा नियमही मीच घातला.
चौथा: पाव लिटर दूध आणि अर्धा लिटर दूध,
मिळून किती?

तक्ता आला. एकतीस मुलं,
आणि एका नावापुढे लालच लाल.
हिवाळे सुप्रिया, पहाटे चार बारा, प्रश्न चौथा.
पाऊण. चूक.
पाऊण लिटर. चूक.
पाउण. चूक.
पौण. चूक.
पाऊण आहे. चूक.
चार एकवीसला शेवटचं:
पाऊणच होतं. चूक.

समासात मॅडमचा शेरा:
नोंद विसंगत, विश्लेषणातून वगळावी.

वर्गात विचारलं, काय गं, पहाटे चारला?
"मी नाही बाई, पप्पा.
टेम्पो येईपर्यंत दूध केंद्रावर बसून असतात ते.
सकाळी मला म्हणाले,
तुझ्या बाईंना पाऊण येत नाही का?"
वर्ग हसला. मीपण हसले,
आणि फळ्याकडे वळून
उगाच कोरडा फळा पुसत राहिले.

येत होतं की.
दुकानात येतं, शिवणाच्या मापात येतं,
पाऊण वाजला की पोटाला येतं.
फक्त उत्तरसूचीत आलं नव्हतं.
तिथे तीन, आडवी रेघ, चार.
पावकी-निमकी माझ्या आईला पाठ होती.
माझ्यापर्यंत येताना कुठे सांडली
याचा तक्ता कुणी ठेवलेला नाही.

रात्री 'स्वीकार्य उत्तरे' हा रकाना उघडला.
त्याने लिहिलेलं सगळं त्यात भरलं,
ऱ्हस्व, दीर्घ, 'पौण'सुद्धा.
'पाऊणच होतं' हेही भरलं.
अहवालात लिहिलं:
विद्यार्थी एकतीस, अधिक एक.
अकरा छप्पनला फाइल पाठवली,
चक्र फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
गेली.

पहाटे उठून बघितलं नाही
असं मी म्हणणार नाही.
चार सतरा. प्रश्न चौथा: बरोबर.
पाचवा उघडला होता.
दीड लिटरमधून पाऊण लिटर गेलं, उरलं किती?
त्याने लिहिलं होतं, पाऊण.
चूक.
पाचव्याची सूची बदलायला
मी विसरले होते.

लॅपटॉप तसाच उघडा ठेवून
डब्याखालच्या विटा सारख्या केल्या.
खाली कुठेतरी दुधाचे क्रेट उतरत होते.