सीझनमध्ये सुट्टी

इतवारीत माझं कूलर दुरुस्तीचं दुकान.
मार्च ते जून बाप मेला तरी सवड नसते.
तो मेलाही मेमध्येच:
अकराला मोक्षधाम, चारला गोधनीत एक पंप बदलला.

यंदा प्रांजलीनं ऐन वीस मेचं तिकीट काढलं.
"बाबा, जन्मभर लोकांना गार हवा दिली,
एकदा थंडी म्हणजे काय ते तरी बघा."

उद्यानाच्या चौकीवर पावती फाडली,
प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून लिहिल्या,
परतताना तितक्याच दाखवायच्या.
मला आवडलं ते.
हिशेब कळतो मला.

मग भूर्जाची झाडं,
पोपडे निघालेल्या भिंतीसारखी.
त्यांच्याही वर झाडच नाही.
गवत, दगड, आणि श्वास,
चार पावलांत संपणारा,
पाचव्याला उधार मागावा लागणारा.

भरल दिसले. निळसर राखाडी, सतरा.
कड्यावर असे उभे
की उतार नावाची गोष्ट
त्यांना कुणी सांगितलीच नसावी.
विजेंदरनं खाली बोट दाखवलं: "हिमबिबट्या. काल रात्रीचा."
ओल्या मातीत चार बोटं आणि तळवा.
तेवढंच.
मी चप्पल शोधावी तसा वाकून पाहत राहिलो.

त्याच वळणावर फोनला रेंज आली.
"भौ, कूलर गरम हवा फेकून रायला ना!
पोरगी झोपून नाही रायली. येता कवा?"
ताई, टाकी पहा. जाळीत कचरा असंल. नळी हलवून पहा.
पलीकडं सतरा तोंडांचा रवंथ थांबलेला.

शेवटी हिमनदी.
मळकट बर्फाची भिंत, तिच्या पोटात गुहा,
गुहेतून पाणी.
सगळे फोटो काढत होते.
मी कान दिला.
पस्तीस वर्षं थेंबच ऐकतोय;
ताटी भिजली की कसा पडतो, नळी फुटली की कसा,
डोळे मिटून सांगतो.
हा बरोबर पडत नव्हता.

परतताना वाटेत एक दगड, त्यावर रंगानं साल.
"मी शाळेत होतो," विजेंदर म्हणाला,
"तेव्हा बर्फ इथवर यायचा."
त्याच्या मिशीत एकही पांढरा केस नव्हता.

नागपूर स्टेशनबाहेर शेहेचाळीस अंश.
पोह्यावर तर्री ओतता ओतता हेमराजनं विचारलं,
"वाघ दिसला?"
नाही.
"मंग काहून गेले बाप्पा येवढ्या दूर?
वाघ तं आपल्या उमरेडले दिसते!"
सतरा मेंढ्यांचं काय सांगणार?
मी म्हटलं, तर्री अजून घाल.

झिरो माईलच्या खांबावरून गाडी घेतली.
इथून म्हणे सगळ्या देशाची अंतरं मोजली.
तो रंगवलेला दगड आठवला,
आणि मागं ट्रकनं हॉर्न दिला.

गोधनीत पोरगी घामानं चिंब, जागीच.
जुनी ताटी काढली, वाळ्याची नवी बसवली,
पंप लावला.
पाणी चढलं, वास सुटला,
थेंब पडायला लागला: एक. मग एक. मग एक.
पोरगी कुशीवर वळली,
पायानंच चादर ओढून घेतली.

"झालं ना भौ काम?" ताई म्हणाली,
"मंग अजून काय ऐकून रायले?"