ब्लाझेय, तुझी खाण

काल रात्री उतरले तुझ्या खाणीत.
पावणेदोन वाजले, चष्मा दोनदा पुसला,
आणि पहिल्याच वाक्यात पुरुष झाले.
"तू खाणीच्या तोंडाशी आलास."
कोण आलास? मी झेलमिरा, अठ्ठावन्न वर्षांची,
गुडघ्याला पट्टा बांधून आले.
आपली भाषा भूतकाळात शिरली
की दारातच विचारते, बाई की बुवा?
म्हणून वर्तमानात लिही:
समोर खाण आहे. हातात काही नाही.
एवढ्यात कोणीही मावतं.

आता दिवा.
"खिळ्याला पितळी दिवा लटकतो आहे," हे तूच सांगितलंस.
मी लिहिलं, दिवा घे.
"इथे दिवा नाही."
अरे, आत्ता तर होता!
ज्याचं नाव घेतोस त्याला हात लागला पाहिजे.
तेवढी ताकद नसेल तर भिंत कोरी ठेव.
कोरी भिंत फसवत नाही.

तीन बोगदे दिलेस, मी तिन्हींत गेले.
तिन्ही त्याच पाण्याच्या डबक्याशी निघतात.
वाचणारा परत फिरणार नाही असं वाटलं तुला?
तो फिरतोच. त्याला फिरण्याचीच तर हौस.
डबकं एकच असू दे हवं तर,
पण उजवीकडून येणाऱ्याचे बूट ओले असू देत
आणि पुढे कधीतरी, वीस पानांनी,
कोणीतरी त्या बुटांकडे बघू दे.

आणि मला असं फटकन मारू नकोस.
डावीकडे वळले नि मेले, हा काय न्याय?
आधी थोडी माती पडू दे खांद्यावर.
मग मी मरेन, आणि दोष माझाच म्हणेन.

हसू नकोस. मीही काही कमी नव्हते.
सत्त्याऐंशी साल. बाबा पोलाद कारखान्यातून
आलेखाचे कागद आणायचे,
त्यावर मी खोल्या आखायची.
कॅसेटवरून कॅसेट, हातोहात गेला माझा खेळ,
कोशित्सेतून पार डोंगराकडच्या गावांपर्यंत.
त्यात एक कुलूपबंद दार होतं.
किल्ली ठेवायची राहूनच गेली.

वर्षानं पत्र आलं. बार्देयोवचा कोणी सेवेरिन,
डेअरीत रात्रपाळीला.
तक्रार नाही, नमस्कार नाही,
नुसती यादी, त्या दाराशी काय काय करून पाहिलं त्याची:

उघड. ढकल. ओढ. लाथ मार.
ठोठाव. थांब. ऐक. विनव.
गाणं म्हण.
माफी माग.
रड.
दाराला पाठ टेकून बस.
आणि खाली, दुसऱ्या शाईत:
घरी जा.

मला वाटत होतं मी कोडं घातलंय.
हा माणूस वर्षभर माझ्या दाराशी बोलत होता
आणि दार पोपटासारखं एकच म्हणत होतं,
समजलं नाही, समजलं नाही.

मशीनमध्ये साठ-सत्तर अक्षरांची जागा उरली होती.
किल्ली बसली असती तेवढ्यात.
मी किल्ली ठेवली नाही.
"घरी जा" ला उत्तर लिहिलं:
स्वयंपाकघरात दिवा चालू आहे. ताटावर झाकण आहे.

कॅसेट पोस्टात टाकली. पुढचं काही कळलं नाही.

म्हणून सांगते, योग्य उत्तराची फार काळजी करू नकोस,
ते सापडेल त्याला सापडेल.
चुकीच्या क्रियापदांपाशी बस जरा.
माणूस तिथेच असतो, रात्रपाळीला,
आणि त्याला कोणीतरी बोलायला हवं असतं.

काल पावणेदोनला, तुझ्या डबक्याशी,
मीही लिहून पाहिलं, घरी जा.
"हे क्रियापद मला माहीत नाही."

वटवाघळं मात्र झकास जमलीत.
बुधवारी ये, मसुराचं सूप करते.
दार हल्ली अडकतं.
ढकल.