हातचा

पत्रात लिहिलंय, शिक्षण शुल्क पूर्ण माफ.
उदगीरभर बातमी आमच्या आधी फिरली.
किराणावाला संगप्पा स्वतःच पेढे घेऊन आला,
म्हणाला, काय मिस्त्री, फुकटात इंजिनियर!
मी पेढा खाल्ला.
माफ तर चूक करतात.
आमच्या शिवगंगानं पेपरात
चुकाच थोड्या केल्या होत्या.

चौथ्या पानावर मात्र बारीक अक्षरं:
वसतिगृह शेचाळीस हजार. मेस अडतीस.
लॅपटॉप स्वतःचा आणावा, बेचाळीसच्या खाली मिळत नाही.
उशीचं काही लिहिलेलं नाही.
उशी घरची नेता येईल.

त्याआधी तहसीलला उत्पन्नाचा दाखला.
बाबूनं विचारलं, वर्षाचं किती?
खरं ते सांगितलं.
त्यानं चष्म्यावरून बघितलं, एवढ्यात भागतं?
म्हटलं, तुम्ही शिक्का मारा,
भागवायचं आम्ही बघतो.

रात्री तिनं बिलबुकाच्या पाठीवर बेरीज मांडली
आणि माझ्याकडं सरकवली.
एक लाख सोळा हजार.
म्हणाली, अप्पा, राहू दे. इथंच बी.एस्सी. करते,
सायकल आहे की.
सायकल आहे, हे असं म्हणाली
जसं काही सगळं सायकलीवरच अडलं होतं.

ती झोपल्यावर मी कागद पुन्हा धरला.
जळालेल्या मोटारी भरतो मी,
वेढा एक जरी चुकला तरी कॉइल पेटते,
मोजायची सवय हाताला आहे.
सहा आणि आठ चौदा, आणि दोन सोळा.
सहा लिहिले, हातचा एक.
हातचा तिनं धरलाच नव्हता.

सव्वीस हवे तिथं सोळा.
राज्यात बाराशेवी आलेली पोरगी
हातचा विसरत नाही.
तोंडानं राहू दे म्हणत होती
आणि पेन्सिलीनं
दहा हजार कमी करून ठेवले होते.

मग शिडी लावली.
माळ्यावर पोती होती, अकरा वर्षांचं जळकं तांबं.
तोंडारच्या गिरणीची मोटार त्यात,
लोहाऱ्याच्या बोअरचा पंप, संगप्पाचा मिक्सर.
तिची आई समजायची, पोरीच्या लग्नाला ठेवलंय.
मीही तसंच समजत होतो.

सकाळी अन्वरच्या काट्यावर
एकसष्ट किलो भरलं.
लॅपटॉप झाला. मेस झाली नाही,
खोली झाली नाही.
रिकामी पोती झटकताना
हिरवट काळी पूड उडाली, दोघंही खोकलो.

मी म्हणालो, एक लाख सव्वीस.
ती नखातली काजळी काढत राहिली.
हं, म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
मग अजून चौऱ्याऐंशी राहिले, अप्पा.

या वेळी बरोबर होतं.