कुर्ल्यांची भोकं

संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं.
राखीव खेळाडूंतही नाही.
बूट गळ्यात अडकवून मी घरी न जाता
कुंभारजुव्याच्या खाजणात गेलो.

फोंडू आजोबा गुडघाभर चिखलात,
कुर्ल्यांनी पोखरलेला बांध बुजवत.
पेंढा, चिखल, वर टाचेचा दाब.
काय झालं, विचारलं नाही.
म्हणाले, "तो पेंढा दे."

दिला. परत दिला.
अकराव्या भोकाला मी ओरडलो,
"उद्या पुन्हा पाडतील की!"
"पाडतीलच. कुर्ल्या त्या.
त्यांना घर हवं, मला शेत.
भांडण नाही आमचं."

भरती चढली.
मानशीची दारं आपसूक मिटली.
पलीकडे खारं पाणी
फळ्यांवर डोकं आपटत राहिलं,
अलीकडे कोरगुट भात डुलत होतं
काही न कळल्यासारखं.

मग त्यांनी माझा एक बूट घेतला,
उसवलेला तळ अंगठ्यानं दाबून पाहिला.
"हाही शिवू. आधी हात धू."

परतताना आमच्या ताज्या चिखलावर
एक कुर्ली नांग्या रोवून बसलेली.
आजोबांनी तिला वळसा घातला.
मी मागे जाऊन
उरलेला पेंढा
ओला होऊ नये असा ठेवला.