सहा रत्तलांच्या आत

जालभाई तुरेल गुडघा चोळत काउंटरला टेकले.
म्हणाले, मेस्त्री, सहा रत्तलांच्या आत बसव.
मी त्रेसष्टचा झाला नी. तिकडे वर हवाच नाय,
खांद्यावरचा तोळासुद्धा दम मागते.

दुकान हातिमशेठचं, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या मागच्या बोळात.
दर्शनी भिंतीवर बंदुका. मागे, जिन्याखाली,
कानशी, रंधे, जवसाच्या तेलाचा वास
आणि लाडू मेस्त्री, सावंतवाडीचे,
ज्यांनी आधी लाकडाची केळी-सीताफळं घडवली
आणि मग साहेबलोकांच्या बंदुकांचे दस्ते.
मी चौदाचा. माझ्या हाती पॉलिशपेपर.

जुनी माउझर होती. नळी चोवीस इंची.
लेथवर चढवली, दोन इंच उडवले.
मेस्त्री बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आणखी दोन.
पडलेला तुकडा मी उत्साहाने उचलला.
बोटावरचा तो डाग अजून आहे.

बोल्टची मूठ आतून पोखरली,
खटक्याखालची लोखंडी पट्टी काढून ॲल्युमिनियमची बसवली,
स्क्रूंची डोकीसुद्धा घासली. वेडच ते.
अक्रोडाचा दस्ता मात्र मेस्त्रींनी कुणाला शिवू दिला नाही.
पाठीच्या पट्टीमागे गिरमिटाने सात भोकं,
मधमाशीच्या पोळ्यासारखी,
बाहेरून काही म्हणजे काही दिसू नये अशी.
"डोंगरात आपलाच आंग जड होता रे,"
ते पुटपुटायचे. डोंगर म्हणजे त्यांना आंबोलीचा घाट.

रोज संध्याकाळी मी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून
शेजारी रणछोड मसालेवाल्याच्या काट्यावर न्यायचो.
त्याच्याकडे जुनी रत्तलाची वजनं होती, मोडीत न दिलेली.
सहा आणि पाव. सहा आणि दोन औंस.
परत यायची ती नळीला हळद लावून.

थंडीत तेल गोठतं, घोडा अडतो, असं जालभाई सांगून गेलेले.
हिमालय आणायचा कुठून?
ससून डॉकवरनं भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली,
बोल्ट रात्रभर तिच्यावर निजवला.
सकाळी मेस्त्रींनी तो ओढला. सरकला.
त्याला बोंबलाचा वास येत होता.

वरळीच्या रेंजवर पहिला बार.
हलकी बंदूक लाथ मारते, मेस्त्रींनी बजावलं होतं.
जालभाईंनी सदरा उतरवून दाखवला:
खांद्यावर पिकलं जांभूळ. आणि माणूस हसतोय.

पत्ते, परवाने, पहाडातल्या वाटाड्याला दोन तारा.
मग कायदा आला. शिकार बंद.
हातिमशेठनी पेपर मोठ्याने वाचला, दोनदा,
जणू दुसऱ्या वेळी काही वेगळं निघेल.
मेस्त्री दस्त्यावर तळहात घासत राहिले.
तेल कधीच मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जालभाई आले. पुरते पैसे मोजले.
वजन?
पाच रत्तल, पंधरा औंस.
एक औंस वाचवला तू, असं म्हणून
त्यांनी लाडू मेस्त्रींचा हात बराच वेळ धरून ठेवला.

महिन्याभराने मी तेलाची बाटली द्यायला ताडदेवला गेलो.
जिन्यावर खिळ्यांच्या बुटांचा आवाज.
बोल्ट काढलेली बंदूक खांद्याला,
कानटोपी, भर ऑक्टोबरात,
जालभाई चढत होते. चार मजले वर, चार खाली.
तिसऱ्याच्या वळणावर, मीटरच्या पेट्यांपाशी, थांबले,
कठडा धरून श्वास गोळा केला,
मला म्हणाले, जपून ये डीकरा,
इथनं बर्फ लागते.

पुढे ती बंदूक कुठे गेली कोण जाणे.
पोलिसांच्या मालखान्यात म्हणतात, कुणी म्हणतं पुतण्याने विकली.
दस्त्याच्या उरल्या टोकातून मेस्त्रींनी
मला एक भोवरा कातून दिला होता.
कधी टेबलावर फिरवतो.
आरीला गंज आहे, जरा डगमगतो,
एका बाजूने जड.